सलामीला कोण?

पुण्यात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे कोण, हा प्रश्न कोणाला पडत नाही. पहिला मान कसबा गणपतीचा. त्याच्या मागे तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. हा क्रम परंपरेने ठरलेला आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. मिरवणुकीत समोर प्रतिपक्ष नसतो.

त्याच कसबा पेठेत शाळा सुटल्यावर वाड्यांच्या ओट्यांवर आणि इमारतींच्या जिन्यांत मुले मोबाइलवर मान घालून बसलेली दिसतात. त्यांच्या बोलण्यात ‘लीडला कोण टाकू?’ हे वाक्य वारंवार येते. लीड म्हणजे सलामीचा गडी. येथे मात्र समोर प्रतिपक्ष असतो, त्यालाही तोच प्रश्न पडलेला असतो, आणि आपला पहिला गडी कोण हे त्याला आधी कळले तर आपली धडगत नसते. म्हणून ‘पहिला कोण’ याचे उत्तर रूढीवर सोडून चालत नाही. ते हिशेबाने काढावे लागते, आणि तो हिशेब आठवीपासून पुढच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येण्याजोगा आहे. आम्हांला तो वर्गात आणण्याजोगा वाटला, म्हणून हा लेख.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत अशा शिक्षकमित्रांसाठी थोडी ओळख करून देतो. अद्भुत प्राण्यांच्या झुंजींचे अनेक व्हिडिओ गेम आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पोकेमॉन. तो जपानमध्ये १९९६ साली सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या संस्थेने तयार केला. ताजिरींना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. मोबाइलवर चालणारा ‘पोकेमॉन गो’ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. त्यातले प्राणी गोळा करण्यासाठी हिंडावे लागते, आणि खेळातली ठाणी बहुधा देवळे, पुतळे, जुन्या वास्तू अशा जागी असतात. देवळांची वाण नसलेल्या पेठांमध्ये हा खेळ रुजला नसता तरच नवल.

खेळाडूकडे प्राण्यांचा एक संघ असतो. प्रत्येक प्राण्याचा एक किंवा दोन प्रकार असतात: आग, पाणी, गवत, वीज, खडक वगैरे. १९९६ साली असे पंधरा प्रकार होते, २०१३ पासून अठरा आहेत. पाण्याचा मारा आगीच्या प्राण्यावर दुप्पट लागतो, आगीचा मारा पाण्याच्या प्राण्यावर निम्माच लागतो. (‘पोकेमॉन गो’मध्ये दुपटीऐवजी १.६ पट धरतात, तत्त्व तेच.) तसेच आग गवताला भारी, आणि गवत पाण्याला भारी. गवत पाणी पिऊन टाकते अशी मुले याची उपपत्ती सांगतात, आणि ती काही वाईट नाही. संघातला एक प्राणी सुरुवातीला मैदानात येतो आणि बाकीचे मागे थांबतात. दोन्ही बाजूंचे सलामीचे गडी एकाच क्षणी उघड होतात.

बहुतेक मुलांचे पहिले उत्तर असते, ‘सगळ्यांत ताकदवान असेल तो.’ मोठ्यांचेही तेच असते. या उत्तरात काय खोट आहे हे पाहण्यासाठी तीनच प्रकार घेऊ आणि कोष्टक मांडू. सलामीची जोडी आपल्याला अनुकूल पडली तर +१, प्रतिकूल पडली तर –१, सारखी पडली तर ०. आडव्या ओळी आपल्या, उभे रकाने प्रतिपक्षाचे.

| | आग | पाणी | गवत |
|---|---|---|---|
| आग | ० | –१ | +१ |
| पाणी | +१ | ० | –१ |
| गवत | –१ | +१ | ० |

कोणतीही ओळ घ्या. तिच्यात एक +१ आहे, एक –१ आहे. ‘सर्वांत बलवान’ अशी ओळच या कोष्टकात नाही. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत क ने ख ला हरवले आणि ख ने ग ला हरवले, तर क हा ग ला हरवणार असे आपण धरून चालतो. गणितात याला संक्रामकता म्हणतात: पाच हे तीनपेक्षा मोठे, तीन हे दोनपेक्षा मोठे, म्हणून पाच हे दोनपेक्षा मोठे. आग, पाणी आणि गवत यांच्यातला ‘भारी’ हा संबंध संक्रामक नाही. तो वर्तुळात फिरतो. संबंध संक्रामक नसला की ‘पहिला नंबर कोणाचा’ हा प्रश्नच निरर्थक होतो. गुणपत्रिकेवरून क्रमांक लावण्याची सवय झालेल्या आम्हां शिक्षकांना हे पचायला वेळ लागतो, मुलांना कमी लागतो.

सलामीच्या गड्याची किंमत त्याच्या अंगच्या बळात नसून समोर कोण येते यात आहे, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. समोर कोण येणार हे कसे कळावे?

या प्रश्नाची एक फार जुनी गोष्ट चीनमध्ये आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ची नावाच्या राज्यात तियान जी नावाचा सेनापती राजाशी घोड्यांच्या शर्यती लावत असे. प्रत्येकाचे तीन घोडे: उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ. राजाचा प्रत्येक घोडा सेनापतीच्या त्याच दर्जाच्या घोड्यापेक्षा थोडा सरस, म्हणून सेनापती तिन्ही शर्यती हरायचा. सुन बिन या सल्लागाराने त्याला सांगितले, की राजाच्या उत्तम घोड्यासमोर आपला कनिष्ठ सोड, मध्यमासमोर उत्तम, आणि कनिष्ठासमोर मध्यम. पहिली शर्यत गेली, पण पुढच्या दोन मिळाल्या, आणि एकूण पैज सेनापतीने जिंकली. ही हकिकत सिमा छियान या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे.

गोष्ट सांगताना बहुतेक जण येथेच थांबतात. वर्गात मात्र पुढे जावे. तीन घोडे सोडण्याचे एकूण क्रम किती? ३ × २ × १ = ६. राजाचा क्रम उत्तम, मध्यम, कनिष्ठ असा ठरलेला धरून मुलांना सहाही क्रम तपासायला लावावेत. त्यांतला एकच क्रम सेनापतीला दोन विजय देतो. चार क्रमांत त्याला एक विजय मिळतो आणि उरलेल्या एकात एकही नाही. म्हणजे राजाचा क्रम ठाऊक नसता आणि सेनापतीने डोळे मिटून घोडे सोडले असते, तर पैज जिंकण्याची संभाव्यता १/६ होती. ठाऊक असल्याने ती १ झाली. सुन बिनची हुशारी खरीच, पण तिच्यामागे राजाचा भोळेपणा उभा होता. दुसऱ्या वेळी राजाने घोड्यांचा क्रम बदलला असता तर?

पोकेमॉनच्या खेळात हा ‘ठाऊक असण्याचा’ भाग काळानुसार बदलत गेला आहे. सुरुवातीच्या चार पिढ्यांच्या खेळांत प्रतिपक्षाचा संघ आधी दिसतच नसे. पहिला गडी म्हणजे अंधारात मारलेला खडा. त्या काळात सलामीच्या गड्याला एक वेगळेच काम मिळाले. २००६ साली आलेल्या चौथ्या पिढीत ‘स्टेल्थ रॉक’ नावाची चाल आली. ती खेळली की प्रतिपक्षाच्या बाजूला टोकदार खडक पसरतात आणि तेथे नंतर मैदानात येणारा प्रत्येक प्राणी येता येताच जखमी होतो. साहजिकच ही चाल जितक्या लवकर खेळली जाईल तितका फायदा जास्त. म्हणून अनेक खेळाडू सलामीला असा प्राणी पाठवत, की जो चपळाईने खडक पसरील आणि मग मेला तरी चालेल. त्याच्या कमरेला एक जादूचा पट्टा बांधत; ताजातवाना असताना एकाच तडाख्यात मरण आले तर तो पट्टा त्याला अगदी थोड्या प्राणावर जिवंत ठेवी, आणि खडक पसरण्यापुरती सवड मिळे. अशा सलामीच्या गड्याने सामना जिंकावा अशी अपेक्षाच नसे. क्रिकेटमधला सलामीचा फलंदाज संघातला सर्वांत धडाकेबाज असतोच असे नाही, त्याने नव्या चेंडूची चमक उतरवायची असते, तसेच हे.

२०१० साली जपानात निघालेल्या पाचव्या पिढीपासून सामन्याआधी दोन्ही संघ एकमेकांना दाखवण्याची पद्धत आली. आता सहाही प्राणी दिसतात, पण त्यांतले कोणते निवडले आणि सलामीला कोण, हे दिसत नाही. एकेरी सामन्यात सहांतून तीन निवडायचे असतात. सलामीचा एक गडी सहा प्रकारे निवडता येतो, आणि मागचे दोघे उरलेल्या पाचांतून दहा प्रकारे. एकूण साठ प्रकार. जागतिक स्पर्धांत वापरतात त्या दुहेरी सामन्यात सहांतून चार न्यायचे आणि त्यांतले दोघे एकदम सलामीला. दोघांची जोडी पंधरा प्रकारे, मागची जोडी उरलेल्या चारांतून सहा प्रकारे, एकूण नव्वद. प्रतिपक्षाचेही नव्वद. म्हणजे आपण वर नऊ घरांचे कोष्टक मांडले, तेच येथे ८१०० घरांचे होते, आणि विचाराला मिळतो जेमतेम दीड मिनिट! चांगले खेळाडू यातली बहुतेक घरे पाहतच नाहीत. ‘ही जोडी त्या जोडीपेक्षा कोणाहीविरुद्ध वाईटच’ असे दिसले की ती ओळच काढून टाकतात. उरलेल्या चार-पाच ओळींचाच विचार होतो. ‘पोकेमॉन गो’मधल्या स्पर्धेत तर प्रत्येकी तीनच प्राणी आणि प्रतिपक्षाचे तिन्ही झाकलेले. तेथे आजही अंधारातलाच खडा.

येथे आपल्या मातीतला एक खेळ आठवतो. खो-खोचे नियम बांधण्याचे पहिले काम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली झाले असे मानतात. त्यात बचाव करणाऱ्या संघाला खेळाडूंचा क्रम पाळी सुरू होण्याआधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो, आणि त्या क्रमाने तिघा-तिघांच्या तुकड्या मैदानात उतरतात. पहिली तुकडी कोणाची, यावर कर्णधार डोके खाजवतात. तुकड्यांनी टिकून काढलेल्या वेळांची नुसती बेरीज करायची असती, तर क्रमाला अर्थच उरला नसता, कारण बेरजेत पदांची अदलाबदल चालते. क्रमाला अर्थ येतो तो पाठलाग करणारे हळूहळू दमतात म्हणून, आणि लवकर बाद झालेल्या तुकडीमुळे मागच्यांवर दडपण येते म्हणून. पण समोरचा संघ आपली तुकडी पाहून त्याच क्षणी ‘उतारा’ म्हणून दुसरे खेळाडू उतरवू शकत नाही. पोकेमॉनचा प्रश्न यापेक्षा एका पायरीने अवघड आहे. तेथे दोघेही एकमेकांचा उतारा शोधत असतात.

मुलांशी बोलताना हा तिढा लगेच वर येतो. ‘तो नेहमी आग आणतो, म्हणून मी पाणी आणणार.’ ‘पण त्याला माहीत आहे की तू पाणी आणणार, म्हणून तो गवत आणेल.’ ‘मग मी आग आणतो.’ ‘हे त्याला कळले तर तो पाणी आणेल...’ तीन पायऱ्यांत पुन्हा सुरुवातीला. हे चक्र तर्काने थांबत नाही. कितीही हुशार असलात तरी, तुमच्या हुशारीचा नेम प्रतिपक्षाला कळला की तुम्ही हरता.

हे चक्र तोडण्याची कल्पना फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी १९२१ च्या सुमारास मांडली आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली ती सिद्ध केली. कल्पना ऐकायला विचित्र आहे. कोणता गडी हे ठरवायचेच नाही. कोणता गडी किती वेळा, हे प्रमाण तेवढे ठरवायचे आणि प्रत्यक्ष निवड नाण्यावर किंवा फाशावर सोडायची. याला मिश्र डावपेच म्हणतात. वरच्या कोष्टकात प्रत्येक प्रकार एकतृतीयांश वेळा आणला, तर प्रतिपक्षाने काहीही आणले तरी आपला सरासरी लाभ शून्य येतो. त्याने आग आणली: ०, +१, –१ यांची सरासरी शून्य. पाणी आणले, गवत आणले, तरी तेच. तुमच्या मनातले ओळखण्याची त्याची सारी हुशारी वाया जाते. तुमच्या मनात ओळखण्यासारखे काही नसतेच! फॉन नॉयमन यांनी दाखवले, की दोघांच्या अशा खेळात, ज्यात एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असतो, कोष्टक कितीही मोठे असले तरी असे एक सुरक्षित प्रमाण नेहमी सापडते. पुढे ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह त्यांनी १९४४ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि गेम थिअरी ही गणिताची स्वतंत्र शाखा झाली.

आता एक बदल करू. आगीचा प्राणी फार जबर आहे असे समजू. तो गवतासमोर आला तर एकाऐवजी दोन गुण मिळवतो. बाकी सारे पूर्वीसारखे.

| | आग | पाणी | गवत |
|---|---|---|---|
| आग | ० | –१ | +२ |
| पाणी | +१ | ० | –१ |
| गवत | –२ | +१ | ० |

पुढे वाचण्याआधी क्षणभर थांबावे आणि वर्गालाही थांबवावे. कोणता गडी आता जास्त वेळा आणावा? बहुतेक हात ‘आग’ म्हणून वर जातील. निदान आमचा अंदाज तोच आहे.

उत्तर पाणी आहे. सुरक्षित प्रमाण असे निघते: पाणी निम्म्या वेळा, आग पाव वेळा, गवत पाव वेळा. पडताळा घेऊ. प्रतिपक्षाने आग आणली तर त्याचा सरासरी लाभ: आपल्या पाण्यासमोर १/२ × (–१), आपल्या गवतासमोर १/४ × (+२), बेरीज शून्य. पाणी आणले तर आपल्या आगीसमोर १/४ × (+१), गवतासमोर १/४ × (–१); बेरीज शून्य. गवत आणले तर आगीसमोर १/४ × (–२), पाण्यासमोर १/२ × (+१), पुन्हा शून्य. बरोबर जमले.

जी लढत बदलली ती आग आणि गवत यांची. पाण्याचा तिच्याशी काही संबंध नाही, तरी पाण्याचेच प्रमाण वाढले. असे का व्हावे? आग जबर झाल्याने आगीचा मोह दोघांनाही होतो. त्या मोहावर उतारा पाणी. शिवाय गवत आणण्यात आता दुप्पट धोका असल्याने गवत कमी दिसणार, आणि पाण्याला भीती गवताचीच होती. बलवान गड्याच्या बळाचा सर्वांत मोठा फायदा त्या गड्याला मिळत नाही, त्याच्या शत्रूला मिळतो. एक प्राणी फार लोकप्रिय झाला की थोड्याच दिवसांत त्याला मारणारा प्राणी सलामीला दिसू लागतो, हे खेळणारी मुले अनुभवाने ओळखतात. त्यांना त्याचे कोष्टक तेवढे ठाऊक नसते.

या प्रमाणासाठी दोन नाणी पुरतात. दोन्ही छापे पडले तर आग, दोन्ही काटे पडले तर गवत, एक छापा एक काटा पडला तर पाणी. नाणी उडवण्याचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. माणसाला मनाने यदृच्छ निवड करता येत नाही. दोनदा आग आली की तिसऱ्यांदा ती टाळावीशी वाटते, आणि चलाख प्रतिपक्ष नेमके तेच हेरतो.

सुरक्षित प्रमाणाला एक मर्यादा आहे आणि ती लपवून ठेवू नये. पहिल्या, एकेक गुणाच्या कोष्टकात हे प्रमाण पाळणारा खेळाडू सरासरीने हरत नाही, पण जिंकतही नाही. समजा, भेटणाऱ्या शंभर प्रतिपक्षांपैकी पन्नास आग आणतात, वीस पाणी आणि तीस गवत. मग पाणी आणणारा शंभर सामन्यांत पन्नास गुण मिळवील आणि तीस घालवील. निव्वळ वीस गुण. आग आणणाऱ्याला दहा मिळतील, गवत आणणारा तीस गमावील. प्रमाण पाळणारा शून्यावर राहील. ज्याला इतरांच्या सवयींची खात्रीची माहिती आहे त्याने ती वापरावी. पण वापरता वापरता त्याचीही सवय बनते आणि तो दुसऱ्या कोणाचे तरी भक्ष्य होतो. असाच ‘हरत नाही, जिंकतही नाही’ प्रकारचा आणखी एक मार्ग खेळातच आहे. ‘नॉर्मल’ नावाच्या साध्या प्रकाराला आग, पाणी आणि गवत या तिघांशीही ना फायदा ना तोटा. त्याला सलामीला पाठवले की दर वेळी शून्य. भित्र्या खेळाडूला तो आवडतो. आमचे मत विचाराल तर, प्रतिपक्षाबद्दल काहीच ठाऊक नसताना भित्रेपणा हा शहाणपणाच होय.

आतापर्यंत आपण सलामीची जोडी पडली की निकाल लागला असे धरले. प्रत्यक्षात गडी बदलता येतो, फक्त त्याची किंमत मोजावी लागते. मूळ खेळात बदलीला एक पूर्ण खेळी जाते आणि नवा गडी येताच प्रतिपक्षाचा मारा झेलतो. समजा, प्रत्येकाचे प्राणबळ १०० आहे आणि साधा मारा ३० चा. आपली आग त्यांच्या पाण्यासमोर आली. थांबून लढलो तर आपण ६० चा मारा खाणार आणि १५ चा देणार. दोन खेळ्यांत आग विझली. त्याऐवजी गवत आणले, तर येताना त्याला पाण्याचा निम्मा, म्हणजे १५ चा मारा बसेल आणि पुढच्या खेळीला तेच ६० चा देईल. पंधराचे नुकसान सोसून बाजू उलटली! तेव्हा सलामी फसली म्हणजे सामना गेला, असे मुळीच नाही. मात्र बदली होणार हे प्रतिपक्षालाही दिसते. पाण्याच्या पुष्कळ प्राण्यांना बर्फाचा माराही येतो, आणि बर्फ गवतावर दुप्पट लागतो. त्याने बदली ओळखून बर्फ मारला तर आलेले गवत ६० खाऊन बसेल. म्हणजे तोच अंदाजाचा खेळ पुन्हा, एका पायरीने आत. ‘पोकेमॉन गो’मध्ये एकदा बदली केली की काही वेळ दुसरी करता येत नाही, म्हणून तेथे मुरलेले खेळाडू सलामीचा गडी निवडताना त्याच्याबरोबरच ‘हा अडकला तर कोण येणार’ हेही ठरवून ठेवतात. हा दुसरा गडी असा लागतो, की ज्याच्यावर उतारा प्रतिपक्षाकडे असण्याचा संभव कमी.

यातून मुलांच्या भांडणांचा एक विषय सुटू शकतो. हरल्यावर ‘तू लीड चुकीचा टाकलास’ असा दोष हमखास दिला जातो. पण प्रमाण बरोबर होते, नाणे उडवले, गवत आले आणि समोर नेमकी आग निघाली, तर निवड चुकली असे म्हणता येणार नाही. एका सामन्याच्या निकालावरून निवडीची पारख होत नाही. वीस डावांचीही पुरेशी नाही: एकतृतीयांशाच्या प्रमाणात दोघेही खेळले, तरी वीस डावांत चार-पाच गुणांचा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. निर्णय चांगला असणे आणि निकाल चांगला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर, शेतकरी आणि हवामानाचा अंदाज देणारे यांना हे रोज भोगावे लागते.

असे वर्तुळ फक्त खेळात असते असे कोणास वाटू नये. योगायोगाने १९९६ सालीच बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. या जातीत तीन प्रकारचे नर असतात. नारिंगी गळ्याचे दांडगे नर मोठा मुलूख बळकावतात आणि निळ्या गळ्याच्या नरांना हटवतात. निळे नर लहान मुलूख राखतात, पण आपल्या माद्यांवर नीट नजर ठेवतात. पिवळ्या पट्ट्यांचे नर दिसायला माद्यांसारखे. ते नारिंग्यांच्या मोठ्या, राखता न येणाऱ्या मुलखात चोरून शिरतात, पण जागरूक निळ्यांपुढे त्यांचे काही चालत नाही. नारिंगी निळ्याला भारी, निळा पिवळ्याला, पिवळा नारिंगीला. शास्त्रज्ञांना दिसले, की एक रंग वाढला की काही वर्षांत त्याच्या उताऱ्याचा रंग वाढतो, मग त्याच्या उताऱ्याचा. सरडे कोष्टक मांडत नाहीत. ज्याला पिले जास्त होतात त्याचा रंग पुढे वाढतो, एवढेच.

वर्गात हे करून पाहायला मोबाइल लागत नाही, आणि तो आणू नये असेच आम्ही म्हणू. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर आग, पाणी, गवत लिहावे. दोघांच्या जोड्या कराव्यात, ‘एक, दोन, तीन’ म्हणताच दोघांनी एकदम पत्ता टाकावा आणि गुण वहीत लिहावेत. पहिले तीस डाव मनाने खेळावेत. नंतर प्रत्येकाने प्रतिपक्षाच्या तीस निवडी तपासून सवय शोधावी: एकदा हरल्यावर तो काय करतो, जिंकल्यावर काय करतो? या दोन रकान्यांतून बहुतेकांचे गुपित बाहेर पडते. मग त्या माहितीवर दहा डाव, आणि शेवटी एकाने नाण्याने किंवा फाशाने निवड करून तीस डाव. त्या तीस डावांत समोरच्याला सवय शोधायला सांगावी. तो काहीतरी शोधून दाखवीलही; ते खरे आहे की भास, ही चर्चा तासाभराची आहे.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एक कोष्टक येथे सोडून देतो. पाण्याने आगीला हरवले तर तीन गुण, आगीने गवताला हरवले तर दोन, गवताने पाण्याला हरवले तर एक. सुरक्षित प्रमाण काढावे. सूचना एवढीच, की ते प्रमाण एका साध्या फाशावर नेमके बसते: एक पडला तर एक गडी, दोन किंवा तीन पडले तर दुसरा, आणि चार, पाच, सहा पडले तर तिसरा. कोणत्या आकड्यांना कोणता गडी, हे विद्यार्थ्यांनी आधी अंदाजाने लिहावे आणि मग गुणाकार करून पडताळावे.